बाबा धावले ती दुपार

माझ्या वडिलांना कंपवात झाला त्याला आता सहा वर्षं झाली. सुरुवातीला फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, तळहातावर तंबाखू मळावी तशी. बाबांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, त्यामुळे आईला चिडवायला आयतंच निमित्त मिळालं. "म्हातारपणी शौक लागला तुह्या बापाले," ती मला सांगायची, आणि बाबा हसायचे. मग हळूहळू शर्टाची बटणं जड झाली, अक्षर मुंगीएवढं झालं, आणि शेवटी चाल गेली.

चाल गेली म्हणजे पाय लुळे पडले असं नाही. पायांत ताकद होती. पण नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरात बैठकीतून मधल्या बोळीत जाताना एक लाकडी उंबरठा आहे, जेमतेम दोन बोटं उंच. तिथवर आले की बाबांचे पाय जमिनीला खिळायचे. वरचं अंग पुढे जायचं आणि पावलं मागेच राहायची. मग आई स्वयंपाकघरातून येऊन त्यांचा दंड धरायची, "उचला, उचला," म्हणायची. कधी पाच मिनिटं लागायची, कधी त्याहून जास्त. ती पुटपुटायची. बत्तीस वर्षं खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस, शेकडो काट्यांवर एकाच वेळी नजर ठेवणारा, आणि आता स्वतःच्या घराचा उंबरठा त्यांना ओलांडवत नव्हता.

मी राहते धरमपेठेत. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मज्जापेशी एकमेकींना निरोप कसा देतात, हे दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवायचं, हे माझं काम. बाबांच्या मेंदूत काय बिघडलंय ते मला फळ्यावर काढता येत होतं. त्याचा घरात काही उपयोग नव्हता. दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या घेऊन जायचे, आईच्या हातचं जेवायचे आणि परत यायचे.

मे महिन्यातल्या अशाच एका गुरुवारी मी पोचले. ऊन इतकं होतं की स्कूटीच्या हँडलला हात लावायला दुपट्टा गुंडाळावा लागत होता. दाराची जाळी लोटलेली होती. आत शिरले आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. कूलर बंद. नागपुरात मे महिन्यात दुपारी घरात कूलरचा आवाज नाही म्हणजे कोणी तरी गेलं असावं असंच वाटतं. बैठकीतला दिवाण रिकामा होता. मी बोळीत डोकावले.

बाबा भिंतीवरच्या मीटरबोर्डासमोर उभे होते, उजवा हात मेन स्विचच्या दांडीवर, तोंड भिंतीकडे. आणि बोळीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीतल्या कूलरखाली, आई फरशीवर बसली होती. पाठ भिंतीला, पाय समोर पसरलेले, उजवा हात डाव्या हातात धरलेला, मांडीवर उपडी बादली, सगळीकडे पाणी. तिचे डोळे उघडे होते आणि ती बाबांच्या पाठीकडे बघत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"करंट लागला," आई म्हणाली. इतकंच.

कूलरात पाणी भरायचं तर आधी बटण बंद करायचं, हे बाबांनी तिला लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून बजावलेलं. त्या दिवशी ती विसरली. ओल्या हातानं पत्र्याला धरलं आणि हात तिथेच चिकटला. सोडवता येईना, ओरडता येईना. मी तिची नाडी बघितली, तळहात बघितला. मधोमध पांढरट, जळालेला डाग होता. शेजारच्या काकांना हाक मारली. त्यांनी त्यांची गाडी काढली. बाबांना बोर्डापासून सोडवून खुर्चीत बसवायला मात्र आम्हा दोघांना खूप वेळ लागला. त्यांची बोटं दांडीभोवती आवळलेली होती, आणि पाय दगडासारखे.

आईला एक रात्र दवाखान्यात ठेवलं, हृदयाचा आलेख काढला, सगळं ठीक निघालं. तळहाताला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी घरी आणलं. बाबांनी फोनवरून सांगून इलेक्ट्रिशियन बोलावला होता आणि करंट गळला की आपोआप बंद पडणारा स्विच बोर्डात बसवून घेतला होता.

त्या संध्याकाळी मी वरण-भात लावला. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. बाबा बाहेर दिवाणावर झोपले होते.

"तुह्या बापाले चालता येते," आई हळूच म्हणाली.

मी वळून पाहिलं.

"मीनं पाह्यलं ना. माह्या डोळ्यांनी. दिवाणावरून उठले, धाडकन उंबरठा ओलांडला अन् पळत आले. पळत. मी चिपकून होती, पण मले दिसून राह्यलं होतं सारं. त्याईनं मेन खाली ओढला अन् मी पडली." तिनं पट्टीचा हात मांडीवर नीट ठेवला. "दोन वर्षं झाले, मी त्याईचा दंड धरून राह्यली. रोज. मंग इतके दिवस काहून नाही चालले?"

रागापेक्षा तिच्या आवाजात दुखावलेपण जास्त होतं. माणूस मुद्दाम करत होता की काय, असा संशय तिला आला होता, आणि तो संशय आल्याचीही तिला लाज वाटत होती.

"आई, ते नाटक नव्हतं करत."

"तू डॉक्टर पोराईले शिकवतं ना? मंग मले शिकव."

मी गॅस बारीक केला आणि तिच्यासमोर बसले. शिकवायला मी कधी घाबरत नाही, पण तिच्यासमोर शब्द शोधावे लागले.

"मेंदूत पेशी असतात," मी म्हणाले, "त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अगदी बारीक फट असते. एकीला निरोप द्यायचा असला की ती त्या फटीत कसल्याशा रसायनाचे थेंब सोडते, समोरची ते झेलते, मग तिच्यात निरोप उठतो. पाऊल उचलायचं तर असे किती तरी निरोप इकडून तिकडे जावे लागतात. बाबांच्या मेंदूत त्यातलं एक रसायन कमी झालंय. पाऊल उचल म्हणून निरोप निघतो, पण पुढे पोचेपर्यंत अगदी बारीक होतो. बाकीच्या गलक्यात ऐकूच येत नाही."

"अन् मंग त्या दिवशी कोणं ऐकवला?"

"तुला तसं बघून ते घाबरले. माणूस घाबरला की मूत्रपिंडांच्या वर दोन ग्रंथी असतात, त्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. त्यानं काळीज धडधडतं, हातापायांना रक्त मिळतं. ते स्वतः मेंदूत फारसं शिरत नाही. पण मेंदूकडे त्याचीच सख्खी बहीण आहे. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा एक ठिपका असतो, मोहरीहून फार मोठा नाही. तिथून धागे निघून सगळ्या मेंदूत पसरलेत. संकट दिसलं की तो ठिपका त्या सगळ्या धाग्यांतून ती बहीण सोडतो. मग झेलणाऱ्या पेशी सावध होतात. जो निरोप महत्त्वाचा तो ठळक होतो, बाकीची कुजबुज खाली बसते."

आईनं विचार केला. "वर्गात हेडमास्तर आले की पोरं चूप बसते, अन् मास्तरचं बोलणं मांगच्या बाकावरही ऐकू येते. तसं."

"अगदी तसं."

हे उदाहरण मी त्यानंतर वर्गात वापरलं आहे. कोणाचं ते सांगत नाही.

मी तिला बेडकाची गोष्टही सांगितली. आम्ही शिकत असताना प्रयोगशाळेत बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या नसेसकट लावून ठेवायचे. नसेला पुन्हापुन्हा टोचणी दिली की स्नायू आधी जोरात उचलायचा, मग थकायचा, स्नायूला जोडलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर ज्या रेघा ओढायची त्या बुटक्या होत जायच्या. तेव्हा सर वरून अ‍ॅड्रेनलिनचे दोन थेंब टाकायचे. रेघा पुन्हा उंच व्हायला लागायच्या. सगळा थकवा जायचा नाही, पण नसेचं टोक प्रत्येक निरोपाला थोडे जास्त थेंब सोडायला लागायचं. त्या दिवशी मी वही घेऊन उभी होते आणि मला ते जादूसारखं वाटलं होतं.

"बिचारा बेडूक," आई म्हणाली. मग म्हणाली, "पण मंग तो ठिपका रोज काहून नाही सोडत?"

"रोज संकट नसतं म्हणून. आणि बाबांच्या आजारात तो ठिपकाही थोडा झिजतो. त्या दिवशी नक्की काय काय झालं ते मलाही छातीठोक सांगता येणार नाही, आई. पण ते जे आलं होतं ते फार वेळ टिकत नाही. काही मिनिटांत उतरतं."

कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले.

मला वाटलं, तिला पटलं. पटलं होतंच, पण तिनं त्यातून आपला वेगळाच अर्थ काढला होता. पुढच्या गुरुवारी मी गेले तर बाबांचा हात नेहमीपेक्षा दुप्पट थरथरत होता. चमच्यातला भात ताटात पडत होता. मी गोळ्या तपासल्या, सगळ्या वेळेवर घेतलेल्या.

"तुह्या आईले विचार," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अलीकडे इतका खोल गेला आहे की ऐकायला जवळ बसावं लागतं. पण डोळे हसत होते.

आईनं आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. बाबा उंबरठ्याशी अडकले की ती मागून ओरडायची, "साप, साप." पहिल्या दिवशी ते खरंच दचकले, आणि पाऊल पडलंही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान वळवून विचारलं, "कोणता हाय?" तिसऱ्या दिवशी ते जागेवरच उभे राहून हसत सुटले. मी गेले त्या दिवशी सकाळी तिनं नवीन युक्ती म्हणून स्टीलचं पातेलं त्यांच्या पाठीमागे फरशीवर आपटलं. पाऊल काही उचललं नाही, उलट हाताची थरथर तेव्हापासून थांबली नव्हती.

"तूच सांगतलं, घाबरलं की चालते," ती म्हणाली.

"सगळं नाही सांगितलं मी," मी म्हणाले. "तेच अ‍ॅड्रेनलिन हातातली थरथर वाढवतं. एकीकडे देतं, दुसरीकडे घेतं."

आई उठली आणि बाबांच्या ताटातला सांडलेला भात गोळा करू लागली. मग त्यांच्या हातातून चमचा घेऊन तिनं स्वतः भरवायला घेतलं. बाबांना दुसऱ्यानं भरवलेलं आवडत नाही. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं.

पुढच्या भेटीत मी हे सगळं त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांना सांगितलं. ते आधी आईकडे बघून मनापासून हसले, मग गंभीर झाले. "काकू, रोज दाखवलेली भीती ही भीती राहत नाही," ते म्हणाले. "आणि पडले म्हणजे कंबरेचं हाड जाईल. त्यापेक्षा जमिनीवर आडव्या पट्ट्या लावून बघा. आतून येणारा निरोप बारीक झालाय ना, तर डोळ्यांवाटे बाहेरून द्यायचा. काहींना फार चांगला फरक पडतो."

मी महालातल्या बाजारातून पिवळ्या चिकटपट्टीची दोन रिळं आणली. बाबांनी ती हातात घेऊन बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. वीजकेंद्रात यंत्रांच्या कडेनं, चालायच्या वाटेवर अशाच पिवळ्या पट्ट्या असायच्या. लहानपणी एकदा ते मला तिथे घेऊन गेले होते आणि या पट्ट्यांच्या बाहेर पाय टाकायचा नाही म्हणून दरडावलं होतं. आता ते दिवाणावर बसून मला हुकूम देऊ लागले.

"टेप आण. मोजायचा. अंदाजानं नाही."

मी फरशीवर गुडघे टेकून मोजत होते. ते प्रत्येक पट्टीवर झुकून बघत होते.

"ते तिसरी तिरपी गेली. काढ."

"बाबा, एवढीशी तर तिरपी आहे."

"काढ म्हणलं ना."

दिवाणापासून उंबरठ्यापर्यंत आणि उंबरठ्यापासून बोळीतून न्हाणीघरापर्यंत एकवीस पट्ट्या झाल्या. उंबरठ्यावर त्यांनी दोन लावायला लावल्या, एक अलीकडे, एक पलीकडे. मग ते उभे राहिले. आई सवयीनं दंड धरायला पुढे झाली, त्यांनी मानेनं नको म्हटलं. पहिल्या पट्टीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. मग दुसऱ्या. उंबरठ्याशी ते जरा रेंगाळले. आणि ते पलीकडे गेले. धावले नाहीत. माणूस विचार करून जिना उतरतो तसे गेले, बोळीच्या टोकाला वळले, त्या वळण्याला बराच वेळ लागला, आणि परत आले.

बसल्यावर त्यांना धाप लागली होती. मी पाणी दिलं आणि त्यांच्या शेजारी बसले. आई दारात उभी होती. इतके दिवस मनात होतं ते मी त्या वेळी विचारलं.

"बाबा, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? धावताना?"

कंपवाताच्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो, त्यामुळे मी वाट बघायला शिकले आहे.

"धावताना काही नाही वाटलं," ते म्हणाले. "मी धावलोच नाही. पाय गेले. मेन खाली केला तवा समजलं का आपण इथी आलो." त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. "त्याच्या नंतरचं वाईट होतं."

"नंतरचं?"

"तुही माय पडल्याचा आवाज आला. मले वळून पाहाचं होतं. वळताच येईना. मान बी नाही. भिंतच दिसून राह्यली होती. जिवंत हाय का नाही, मले माहीत नव्हतं. मी इचारून राह्यलो होतो, लागलं का वं, लागलं का वं. पण माहा आवाज तुले माहीत हाय. भिंतीलेच इचारलं मीनं. तू येईपर्यंत."

ते मला सांगत होते, पण दारात उभी असलेली आई ते ऐकत होती. तिच्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं की स्वयंपाकघरातल्या त्या संध्याकाळी तिनं मला सगळं सांगितलं नव्हतं. तो माणूस धावत आला, मेन बंद केला, आणि मग पाठ फिरवून उभा राहिला. एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. हे तिच्या मनात सलत होतं. मी तिला निळ्या ठिपक्याची आणि बेडकाची गोष्ट सांगितली, ते काही मिनिटांत उतरतं असंही सांगितलं, आणि ते उतरल्यावर ती ओल्या फरशीवर एकटी बसून होती त्या वेळाबद्दल मला विचारायचं सुचलं नव्हतं.

"मी समजली का तुम्ही नाराज हा," आई म्हणाली. "बटण बंद नाही केलं म्हणून."

"नाराज तर होतोच," बाबा म्हणाले.

ती आत आली आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला दिवाणावर बसली. एरवी ती दिवाणावर बसत नाही, तिची प्लास्टिकची खुर्ची वेगळी असते. बाबांचा थरथरणारा हात तिनं आपल्या हातात घेतला. तिच्या हाताची पट्टी निघाली होती, तळव्यावरची कातडी अजून गुलाबी आणि कोवळी होती.

"खरबडीत लागते का?" तिनं विचारलं.

"नाही."

मी ग्लास घेऊन आत गेले आणि उगाचच बराच वेळ तो धूत राहिले.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. पिवळ्या पट्ट्या एकदा झिजल्या, मी नवीन लावल्या, बाबांनी पुन्हा तीन काढायला लावल्या. पट्ट्यांचा उपयोग काही दिवस होतो, काही दिवस होत नाही. आजार त्याच्या गतीनं पुढे जातो आहे. आता हातात वॉकर आहे. त्या दुपारी धावले तसे ते पुन्हा कधी धावले नाहीत, आणि तशी वेळ पुन्हा न येवो.

बदल झाला तो आईत. बाबा अडकले की ती आता ओढत नाही, पुटपुटतही नाही. शेजारी उभी राहते आणि काही तरी सांगत बसते, भाजीवाला आज काय म्हणाला, कोणाच्या घरी पाळणा हलला. मागे एकदा बँकेतला माणूस कागदावर सही घ्यायला आला होता. बाबा बोळीतून येता येता थांबले. तो माणूस मदतीला उठू लागला, तर आईनं त्याला हातानं बसवलं. "बसा गा तुम्ही," ती म्हणाली. "निरोप निघाला हाय त्याईचा. पोचून राह्यला."

मागच्या गुरुवारी मी गेले तेव्हा दोघं ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होते. तिच्या सुपात मूठभर दाणे झाले की त्यांच्या ताटलीत चार व्हायचे. त्यांतला एक घरंगळून फरशीवर गेला आणि दोघांनीही तो तिथेच राहू दिला. आईनं माझ्यापुढे शेंगांचा ढीग सरकवला.

"बस," ती म्हणाली. "हात चालव. तुह्या बापाच्या भरवशावर आज जेवण व्हाचं नाही."

बाबा शेंगेवरून नजर न काढता काही तरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. आईला आलं होतं, कारण ती लाजून हसली, आणि काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं नाही.